घालवलेली भीती परत का येते?

तुम्ही विचारलं आहे ते थोडक्यात असं. तुमचा कुत्रा ढगांच्या गडगडाटाला घाबरून पलंगाखाली दडायचा. गडगडाटाचं रेकॉर्डिंग आधी अगदी हळू आणि मग थोडं थोडं मोठं लावत, सोबत खाऊ देत तुम्ही त्याची भीती घालवलीत. रात्री भुंकून खोलीचं दार उघडायला लावायची त्याची खोडही निव्वळ दुर्लक्ष करून मोडलीत. त्याच काळात तुमच्या सात वर्षांच्या मुलीची पाण्याची भीती एका चांगल्या प्रशिक्षकामुळे गेली. मग घर बदललं. पहिल्याच वादळात कुत्रा पलंगाखाली, रात्री पुन्हा भुंकणं, आणि नव्या तलावावर मुलगी काठ घट्ट धरून रडते आहे. तुमचे प्रश्न तीन आहेत: एवढी मेहनत वाया गेली का, आपलं चुकलं कुठे, आणि भीती मुळापासून पुसता येते का.

मी सुरुवातीची वर्षं प्रयोगशाळेत प्राण्यांच्या शिकण्यावर काम केलं आणि पुढे भीती आणि चिंतेने त्रस्त असलेल्या मुलांबरोबर आणि मोठ्या माणसांबरोबर. हा प्रश्न दोन्हीकडे भेटतो आणि उत्तरही दोन्हीकडे जवळपास तेच निघतं. मेहनत वाया गेलेली नाही. तुम्ही शिकवलेलं त्या दोघांच्याही डोक्यात शाबूत आहे. अडचण एवढीच की आधीची भीतीही शाबूत आहे. भीती कमी होते तेव्हा जुनी आठवण बहुतेक वेळा जागेवरच राहते आणि तिच्या शेजारी एक नवी आठवण तयार होते: 'हा आवाज आला तरी काही होत नाही'. ही नवी आठवण ज्या जागी, ज्या माणसांसोबत, ज्या परिस्थितीत तयार झाली तिला फार चिकटून असते. जुनी भीती तशी चिकटून नसते. ती कुठेही सोबत येते.

हे पहिल्यांदा नीट दाखवलं ते इव्हान पाव्हलॉव्ह यांनी. घंटा किंवा मेट्रोनोम वाजल्यावर कुत्र्याला लाळ सुटते, हा प्रयोग सगळ्यांना माहीत असतो. त्याचा पुढचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही, आणि तुमच्या दृष्टीने महत्त्वाचा तोच आहे. आवाजामागून अन्न देणं थांबवलं की लाळ कमी होत होत थांबते. याला विलोपन म्हणतात. त्यानंतर कुत्र्याला काहीही न शिकवता नुसता थोडा वेळ जाऊ दिला आणि तोच आवाज पुन्हा ऐकवला, तर लाळ पुन्हा सुटते. पहिल्याइतकी नाही, पण सुटते. शिवाय विलोपन चालू असताना मध्येच एखादा अनोळखी आवाज झाला किंवा कोणी परकं माणूस खोलीत आलं, तरी थांबलेली लाळ परत सुरू होई. जी गोष्ट नष्ट झाली ती परक्या माणसाच्या पावलांनी परत कशी येईल? पाव्हलॉव्ह यांनी निष्कर्ष काढला की जुना संबंध तुटलेला नाही, मेंदूने त्याच्यावर आतून अवरोध घातला आहे आणि हा अवरोध नाजूक असतो. या निष्कर्षाला आता शंभर वर्षं होत आली. तपशील पुष्कळ बदलले, गाभा टिकून आहे.

नुसत्या वेळ जाण्याने भीती का परत यावी, हे लोकांना सर्वांत अवघड जातं. इथे आणखी जुना एक नियम उपयोगी पडतो. आडोल्फ योस्ट या संशोधकाने १८९७ मध्ये पाठांतराच्या प्रयोगांतून दाखवलं की दोन आठवणी आज सारख्याच बळाच्या असतील, पण एक जुनी आणि एक नवी असेल, तर पुढच्या काळात नवी जास्त वेगाने फिकी पडते. आता तुमच्या कुत्र्याकडे बघा. त्याची गडगडाटाची भीती कदाचित पिल्लू असतानाची आहे, आणि 'काही होत नाही' ही आठवण काही महिन्यांची. सराव चालू होता तोवर नवी आठवण वरचढ होती. सराव थांबला, कोरडे महिने गेले, आणि दोन्ही आठवणींची घसरण वेगवेगळ्या गतीने होत राहिली. वादळ आलं तेव्हा जुनी पुढे होती. यात तुमचा हलगर्जीपणा नाही आणि कुत्र्याचा हट्टही नाही.

घर बदलल्याचा परिणाम मात्र याहून मोठा असणार, आणि त्याबद्दल सविस्तर लिहायला हवं.

अमेरिकेतल्या व्हरमाँट विद्यापीठातले मार्क बाउटन यांनी अख्खी कारकीर्द या एका प्रश्नाला दिली. १९७९ मध्ये त्यांनी रॉबर्ट बोल्स यांच्यासोबत प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांची रचना साधी होती. उंदराला एका पेटीत आवाजाची भीती बसवायची: आवाज, मागोमाग सौम्य विजेचा झटका. मग त्याला वेगळ्या पेटीत नेऊन, जिचा वास, आकार, तळ सगळं निराळं आहे, तिथे झटका न देता तोच आवाज पुन्हा पुन्हा ऐकवायचा, जोवर उंदीर निवांत होत नाही. आणि मग परत पहिल्या पेटीत न्यायचं. आवाज झाला की भीती परत हजर. पुढच्या वर्षांत असंही दिसलं की पहिल्या पेटीत परत नेण्याची गरज नाही. विलोपन झालं ती पेटी सोडून कुठल्याही तिसऱ्या, नव्या पेटीत नेलं तरी भीती परत येते, थोडी कमी प्रमाणात का होईना. तुमचं नवं घर ही अशीच तिसरी पेटी आहे.

बाउटन यांच्या कामातून पुढे आलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट माझ्या मते ही आहे: एखाद्या खुणेबद्दल प्राणी जे पहिल्यांदा शिकतो ते तो सगळीकडे लागू करतो. त्याच खुणेबद्दल जे दुसऱ्यांदा, पहिल्याच्या विरुद्ध शिकतो, ते 'इथल्यापुरतं' म्हणून नोंदवतो. विचार केला तर यात शहाणपण आहे. एका जागी धोका संपला म्हणून सगळ्या जगातला धोका संपला असं मानणारा प्राणी फार काळ जगला नसता. मेंदू इथे सावधगिरीने वागतो आहे. बिघडलेला नाही.

'जागा' हा शब्द मी सोयीसाठी वापरतो आहे. प्रत्यक्षात यात खूप काही येतं: सोबतची माणसं, वेळ, आणि शरीराची आतली अवस्थासुद्धा. गुंगी आणणाऱ्या चिंताशामक औषधांच्या अमलाखाली उंदरांची भीती घालवली, तर औषध उतरल्यावर ती परत येते, हे बाउटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दाखवलं. कोळ्याची भीती असलेल्या माणसांवरच्या एका प्रयोगात कॅफिनचाही असाच परिणाम दिसला. उपचाराच्या वेळी आणि नंतर तपासताना शरीरातली अवस्था वेगळी असेल तर भीती जास्त परत येई. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सूझन मिनेका यांच्या अभ्यासात कोळ्याला घाबरणाऱ्यांवर एका खोलीत, एका उपचारकर्त्यासोबत एकाच बैठकीत उपचार केले आणि आठवड्याने तपासलं. वेगळ्या ठिकाणी तपासलेल्यांची भीती जास्त परतली होती. तुमच्या मुलीने एक तलाव, एक प्रशिक्षक, एक वेळ एवढ्यात शिकून घेतलं. ते शिकणं उत्तम होतं, फक्त त्याच्या आजूबाजूला फार थोड्या गोष्टी होत्या.

माणसांमधल्या भीतीच्या अभ्यासाची सुरुवातही याच प्रश्नापाशी होते, आणि त्यातले दोन जुने वृत्तांत मला आजही सगळ्यांत शिकवून जाणारे वाटतात.

पहिला १९२० चा. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉन वॉटसन आणि रोझली रेनर यांनी 'अल्बर्ट' नावाने ओळखल्या जाणाऱ्या अकरा महिन्यांच्या बाळाच्या मनात पांढऱ्या उंदराची भीती बसवली. बाळाने उंदराला हात लावला की मागे पोलादी दांड्यावर हातोडा मारायचा. अशा सात वेळांनंतर बाळ नुसत्या उंदराला पाहून रडायला लागलं. पुढे ससा, कुत्रा, केसाळ कोट यांनाही ते घाबरलं. आज असा प्रयोग कुठलीही नीतिसमिती होऊ देणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण मूळ अहवाल वाचला तर एक तपशील दिसतो जो पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही. त्यांनी अल्बर्टला नेहमीच्या छोट्या खोलीतून मोठ्या, उजेडाच्या व्याख्यान-दालनात नेऊन तपासलं, तेव्हा त्याची प्रतिक्रिया बरीच सौम्य होती. म्हणजे भीतीलाही जागेचा थोडा आधार असतोच. पण ती तिथे पोचली होती, हेही खरं. महिनाभराने तपासलं तेव्हाही ती होती. अल्बर्टची भीती घालवण्याचा प्रयत्न करण्याआधीच तो रुग्णालयातून गेला, आणि एका बाळाला तसंच सोडून दिलं गेलं याची खंत हा अहवाल वाचताना प्रत्येक वेळी वाटते.

दुसरा वृत्तांत मेरी कव्हर जोन्स यांचा, १९२४ चा, आणि तो मी पालकांना नेहमी सांगतो. पीटर हा दोन वर्षं दहा महिन्यांचा मुलगा पांढरा उंदीर, ससा, केसाळ कोट, पिसं, कापूस अशा गोष्टींना घाबरायचा. जोन्स यांनी त्याला सशाला न घाबरणाऱ्या मुलांसोबत खेळायला बसवलं आणि ससा पायरीपायरीने जवळ आणला. पीटरची प्रगती छान चालली होती. मग त्याला स्कार्लेट फीव्हर झाला आणि तो सुमारे दोन महिने रुग्णालयात राहिला. तिथून परत निघताना एक मोठा कुत्रा त्याच्या आणि परिचारिकेच्या अंगावर धावून आला आणि दोघंही घाबरली. प्रयोगशाळेत परत आला तेव्हा पीटरची सशाची भीती पहिल्या पातळीवर पोचली होती. सशाने काहीच केलं नव्हतं. धावून आला होता कुत्रा, तोही दुसरीकडे.

याचं स्पष्टीकरण मिळायला पन्नास वर्षं लागली. १९७५ मध्ये रॉबर्ट रेस्कोर्ला आणि सी. डोनाल्ड हेथ यांनी उंदरांमध्ये दाखवलं की विलोपन पूर्ण झाल्यावर कसलीही सूचना न देता नुसते एकदोन झटके दिले, तर ज्या आवाजाशी त्या झटक्यांचा काही संबंध नव्हता त्याची भीती परत येते. वाईट अनुभव कुठूनही येवो, तो दबलेल्या भीतीला उठवतो. म्हणून घर बदलण्याच्या धावपळीत कुत्र्याला आणखी काही धसका बसला का, मुलीच्या बाबतीत शाळेत किंवा तलावाबाहेर काही घडलं का, हे शांतपणे विचारून पाहा. कारण पाण्याशी संबंधित असायलाच हवं असं नाही.

जोन्स यांनी पुढे काय केलं तेही महत्त्वाचं आहे. त्यांनी काम सोडलं नाही. पीटरला उंच खुर्चीत बसवून आवडीचं खायला द्यायचं आणि पिंजऱ्यातला ससा त्याला त्रास होणार नाही इतक्याच अंतरावर आणायचा, असं पुन्हा सुरू केलं. शेवटी पीटर सशाला गोंजारू लागला, त्याला आपली बोटं हलकेच कुरतडू देऊ लागला, आणि कापूस, पिसं यांची भीतीही मावळली. तुमच्या कुत्र्याबाबत तुम्ही नकळत हीच पद्धत वापरलीत.

जाता जाता पाव्हलॉव्ह यांच्याच प्रयोगशाळेतली एक घटना. १९२४ च्या सप्टेंबरमध्ये लेनिनग्राडला मोठा पूर आला. कुत्री ठेवलेल्या इमारतीत पाणी शिरलं आणि त्यांना पोहायला लावून कसंबसं वाचवावं लागलं. त्यानंतर काही कुत्र्यांचे शिकवलेले प्रतिसाद नाहीसे झाले. बऱ्याच सरावाने ते पूर्ववत झाल्यावर प्रयोगखोलीच्या दाराखालून पाण्याचा बारीक ओघळ आत सोडला, आणि तेवढ्याने कुत्रा पुन्हा अस्वस्थ झाला, पुन्हा सगळं विस्कटलं. अशा अनुभवातून गेलेल्या माणसांबरोबर काम करताना मला ही घटना हटकून आठवते, कारण त्यांनाही 'एवढ्याशा कारणाने' कोसळल्याची लाज वाटत असते. लाज वाटण्यासारखं त्यात काहीच नाही.

व्यसनांमध्ये हाच नियम जीवावर बेतू शकतो. शेपर्ड सीगल यांनी १९८२ मध्ये हेरॉइनची सवय झालेल्या उंदरांना मोठा डोस दिला. नेहमीच्या खोलीत दिला तेव्हा सुमारे ३२ टक्के मेले, अनोळखी खोलीत दिला तेव्हा सुमारे ६४ टक्के. डोस तोच. ओळखीच्या खोलीत शरीर आधीपासून बचावाची तयारी करतं, नव्या खोलीत ती तयारीच होत नाही. उलट बाजूने, ली रॉबिन्स यांनी व्हिएतनाममधून परतलेल्या अमेरिकी सैनिकांचा माग ठेवला. तिथे हेरॉइनच्या आहारी गेलेल्यांपैकी परतल्यावरच्या तीन वर्षांत सुमारे १२ टक्केच, तेही बहुधा थोड्या काळापुरते, पुन्हा व्यसनात सापडले. याची कारणं अनेक आहेत, माल मिळण्यातली अडचण हेही एक. पण व्यसनाशी जोडलेल्या सगळ्या खुणा मागे राहिल्या, हा वाटा मोठा असावा असं मी मानतो. उपचार केंद्रात महिनोन्‌महिने चांगला राहिलेला माणूस घरी परतताच का घसरतो, हेही यातून समजतं.

आता रात्रीच्या भुंकण्याकडे येऊ. हे प्रकरण थोडं वेगळं आहे, कारण भुंकण्यातून त्याला काहीतरी मिळत होतं. बी. एफ. स्किनर यांना अशा विलोपनाचा पहिला आलेख योगायोगाने मिळाला: उंदराला खाद्यगोळी देणारं यंत्र अडकलं आणि दांडी दाबून दाबून उंदीर हळूहळू थांबला. पुढच्या दोन गोष्टी तुमच्या कामाच्या आहेत. एक, दर वेळी बक्षीस मिळून लागलेली सवय लवकर सुटते, अधूनमधून मिळून लागलेली फार उशिरा. लॉइड हम्फ्रीज यांनी १९३९ मध्ये माणसांच्या पापण्यांच्या प्रतिसादावर हे दाखवलं आणि नंतर ते असंख्य प्राण्यांत दिसलं. घर बदलल्याच्या गडबडीत नव्या शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून तुम्ही एखाद्या रात्री दार उघडलं असेल, तर त्याला कळलं की कधीकधी उघडतं. हे 'कधीकधी' 'नेहमी'पेक्षा चिवट असतं. दुसरी गोष्ट, दुर्लक्ष सुरू केल्यावर वागणं आधी उसळतं असं सगळीकडे सांगितलं जातं आणि लोक त्या भीतीने सुरुवातच करत नाहीत. डोरोथिया लर्मन आणि ब्रायन इवाटा यांनी १९९५ मध्ये अशा ११३ प्रकरणांच्या नोंदी तपासल्या. उसळी त्यातल्या २४ टक्क्यांतच दिसली. नुसतं दुर्लक्ष केलं तिथे ३६ टक्के, आणि सोबत दुसरं चांगलं वागणं शिकवून त्याला बक्षीस दिलं तिथे १२ टक्के. म्हणून नुसतं दुर्लक्ष करू नका. अंथरुणावर शांत पडून राहण्याला, आणि झोपण्याआधी बाहेर नेऊन आणण्याला, काहीतरी मोल द्या.

त्यालाही एक अट आहे. रॉबर्ट एपस्टाइन यांनी १९८३ मध्ये कबुतरांवर दाखवलं की जुन्या वागण्याच्या जागी नवं शिकवलं आणि मग नव्यालाही बक्षीस मिळेनासं झालं, की जुनं डोकं वर काढतं. शांत पडून राहणाऱ्या कुत्र्याकडे 'आता तो शिकला' म्हणून लक्ष देणं बंद करू नका. बक्षीस विरळ करत न्या, शून्यावर आणू नका.

तुमचा तिसरा प्रश्न, मुळापासून पुसण्याचा. यावर गेली पंचवीस वर्षं जोरात काम चालू आहे आणि त्याविषयी खूप अतिरंजित बोललं जातं. भीतीचा मूळ संबंध मेंदूतल्या अमिग्डला या भागात बसतो. विलोपनानंतर कपाळामागच्या मेंदूचा आतला, खालचा भाग अमिग्डलाला आवरतो. मोहम्मद मिलाद आणि ग्रेगरी क्वर्क यांनी २००२ मध्ये उंदरांमध्ये दाखवलं की विलोपन आठवत असताना नेमक्या याच भागातल्या पेशी सक्रिय होतात. आणि आपण कुठे आहोत हे सांगणारा हिप्पोकॅम्पस त्यात भर घालतो, म्हणून जागा बदलली की आवर सैल होतो. फार लहान उंदरांत चित्र निराळं आहे. सुमारे अडीच आठवड्यांच्या पिल्लांची भीती घालवली तर ती जागा बदलूनही परत येत नाही, जणू खरोखर पुसली गेली. आणखी एक आठवडा वयाने मोठ्या पिल्लांत ती परत येते. या मधल्या दिवसांत अमिग्डलातल्या काही पेशींभोवती प्रथिनांची जाळी तयार होते आणि आठवणीला संरक्षण देते, असं २००९ च्या एका अभ्यासातून पुढे आलं.

२००० मध्ये करीम नादेर, ग्लेन शेफ आणि जोसेफ लडू यांनी दाखवलं की जुनी भीती आठवून दिल्यावर ती काही तास पुन्हा कच्ची होते. त्या वेळात प्रथिनं बनणं रोखलं तर ती नंतर दिसत नाही. उंदरांमध्ये अमिग्डलात औषध टोचून केलेला प्रयोग होता तो. माणसांत औषधाशिवाय, नुसती आठवण जागवून लगेच विलोपन केलं की भीती परतत नाही, असं २०१० मध्ये प्रसिद्ध झालं आणि फार गाजलं. पुढे तोच प्रयोग काळजीपूर्वक पुन्हा करून पाहणाऱ्यांना तो परिणाम मिळाला नाही. त्यामुळे 'एका बैठकीत भीती कायमची पुसून देतो' असं कोणी सांगितलं तर पैसे देऊ नका. आज भरवशाचा मार्ग एकच आहे: नवी आठवण इतकी रुंद आणि बळकट करायची की तिने बहुतेक ठिकाणी जुनीवर मात करावी.

ते कसं करायचं, हे तुमच्या घरापुरतं सांगतो. कुत्र्याला पलंगाखालून ओढून काढू नका, आणि तिथे असताना रागावू तर मुळीच नका. नव्या त्रासाने जुनी भीती कशी उठते हे वर आलंच. दोनतीन दिवस नव्या घराची ओळख होऊ द्या. मग रेकॉर्डिंग पुन्हा अगदी हळू आवाजावरून सुरू करा. या वेळी तुम्हाला पूर्वीपेक्षा खूप कमी दिवस लागतील, कारण पूर्वीचं शिकणं आत आहे. हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच मोजून दाखवलं होतं की विसरल्यासारखं वाटणारं पुन्हा शिकायला बराच कमी वेळ लागतो. फरक एवढा करा की रोज एकाच खोलीत, एकाच वेळी, एकाच माणसाने बसायचं नाही. स्वयंपाकघरात, जिन्यात, गच्चीवर, संध्याकाळी, पहाटे, कधी तुम्ही, कधी मुलगी. आवाजही एकच नको, वेगवेगळ्या वादळांची रेकॉर्डिंगं वापरा. बैठकांमध्ये अंतर वाढवत न्या आणि कोरड्या महिन्यांतही अधूनमधून एखादी करा. हे करताना प्रगती वरवर पाहता जास्त खडबडीत दिसेल, आज बरा तर उद्या जरा घाबरलेला. ती खडबड चालू द्या. गुळगुळीत सराव लवकर छान दिसतो आणि जागा बदलताच सुटतो.

एक खूण सोबत ठेवता येते. डग्लस ब्रूक्स आणि बाउटन यांनी १९९३ मध्ये उंदरांमध्ये दाखवलं की विलोपनाच्या वेळी हजर असलेली एखादी खूण नंतर दाखवली तर परतणारा जुना प्रतिसाद कमी होतो. सरावात नेहमी वापरलेली एक चटई पुरे. पण माणसांच्या बाबतीत इथे जपायला हवं. 'ही वस्तू जवळ आहे म्हणून मी सुरक्षित आहे' असं मन शिकलं, तर त्या वस्तूशिवाय काहीच शिकलं जात नाही. मुलीचा पोहण्याचा जुना चष्मा किंवा टोपी पहिल्या दोनतीन वेळा ठीक आहे, नंतर ती कधी घरी राहू द्या.

मुलीसाठी सगळ्यांत मोलाचं काम बोलण्यातून होईल. पाण्यात उतरण्याआधी तिला विचारा, 'काय होईल असं वाटतं?' ती म्हणेल, पाय टेकणार नाहीत, नाकात पाणी जाईल, इथले सर मला सोडून देतील. त्यातली एक गोष्ट निवडा आणि ती खरंच होते का हे पाहण्यापुरतंच पाण्यात उतरा. बाहेर आल्यावर पुन्हा विचारा, 'मग काय झालं?' भीती किती कमी झाली याची मोजदाद करत बसू नका. जे होईल असं वाटलं होतं ते झालं नाही, हा फरक मेंदूला शिकवतो. मिशेल क्रॅस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिंताविकारांच्या उपचारांची मांडणी याच पायावर केली आहे, आणि मी स्वतः काम करताना तीच वापरतो. तिला हेही आधीच सांगून ठेवा की भीती मध्येच परत येऊ शकते आणि तसं झालं तर आपण पुन्हा थोडा सराव करणार आहोत. ज्या मुलांना हे ठाऊक असतं ती 'माझ्याच्याने होत नाही' असं म्हणून थांबत नाहीत.

पुढे दुसरं मूल किंवा पिल्लू घरात येणार असेल तर एक गोष्ट करून ठेवा. लूबो आणि मूर यांनी १९५९ मध्ये मेंढ्या आणि बकऱ्यांवर दाखवलं की एखादी खूण आधी पुष्कळ वेळा काहीही न घडता अनुभवली असेल, तर पुढे तिचा धोक्याशी संबंध जुळायला वेळ लागतो. निवांत असताना ऐकलेले पुष्कळ गडगडाट, दात दुखत नसताना दातांच्या डॉक्टरांकडे मारलेल्या फेऱ्या, उथळ पाण्यातले खेळ, हे सगळं आधी होऊ द्या. पहिली आठवण सुरक्षिततेची असेल तर सगळीकडे सोबत जाण्याचं बळ तिला मिळतं.

शेवटी दोन व्यावहारिक गोष्टी. कुत्रा प्रौढ किंवा म्हातारा असेल आणि भीती अचानक वाढली असेल, तर सरावाआधी पशुवैद्यांकडून सांधे आणि कान तपासून घ्या. दुखणं असलेल्या कुत्र्यांत आवाजाची भीती वाढलेली दिसते, आणि दुखणं तसंच ठेवून केलेला सराव टिकत नाही. त्याला वादळासाठी शामक औषध दिलं जात असेल तर ते स्वतःहून बंद करू नका. सराव औषधावर आणि औषधाविना अशा दोन्ही अवस्थांत कसा करायचा, हे पशुवैद्यांशी बोलून ठरवा. मुलीच्या बाबतीत भीती पाण्यापुरती न राहता झोप, शाळा, खाणं यांवर पसरत असेल, किंवा चारसहा आठवड्यांच्या सरावाने काहीच हलत नसेल, तर मुलांबरोबर काम करणाऱ्या मानसतज्ज्ञांना दाखवा आणि आधीच्या तलावावर काय काय केलं होतं ते लिहून सोबत न्या. त्यांना शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.